विमान उतरलं, पुढे काय?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या गावात कुणी ‘विमानानं गेली’ म्हटलं, की लोक समजायचे, लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली असणार. आता तसं राहिलेलं नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपला की कुणीतरी हळूच म्हणतंच, “ताई, एकदा तरी विमानात बसायचंय हो!” पै-पै साठवून पाहिलेलं हे स्वप्न आहे. म्हणूनच ते डोळसपणे पुरं व्हावं, असं मला वाटतं.

लहान शहरांतून विमानं सुरू व्हावीत म्हणून सरकारनं ‘उडान’ योजना आणली. तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून दिल्लीला उडालं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या चिपीचा झाला. देवदर्शन असो की समुद्र, सगळं जवळ आल्यासारखं वाटू लागलं.

पण खरंच जवळ आलं का? तिकिटावर छापलेलं गाव आणि आपल्याला जायचं ते ठिकाण, यांत बरंच अंतर असू शकतं. शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी आहे. तिथून मंदिर साधारण १५ किलोमीटर. हे परवडलं. कोल्हापूरचं त्याहून सोपं. १९३९ पासूनचा हा जुना विमानतळ उजळाईवाडीला, शहराला लागूनच आहे. उतरल्यावर अर्ध्या तासात अंबाबाईच्या दारात पोहोचता येतं.

अजिंठ्याचं मात्र वेगळं. वेरूळ-अजिंठा हे नाव आपण एका दमात घेतो. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ ३० किलोमीटर आहे, तर अजिंठा शंभराच्या आसपास. त्यापेक्षा जळगावहून अजिंठा जवळ पडतं, जेमतेम ६० किलोमीटर. शिवाय अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. एवढा खर्च करून जायचं आणि बंद दार बघून परत यायचं, याला काय अर्थ आहे?

गोव्याची तर गंमतच आहे. तिथे आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा. मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. आमच्या ओळखीतल्या दोघी जावा मडगावला लग्नाला निघाल्या. भाच्यानं स्वस्त म्हणून मोपाचं तिकीट काढून दिलं. विमान रात्री उतरलं. मडगाव तिथून ६० किलोमीटरच्या वर! तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीनं कधीच गिळले. पण पैशाचं सोडा. अनोळखी मुलुख, अंधारा रस्ता, दोघीच बायका. “पोहोचेपर्यंत एकमेकींचा हात सोडला नाही,” असं थोरली सांगत होती. मोपा वाईट नाही बरं का! सावंतवाडीकडच्या बाईला तोच सोयीचा. प्रश्न एवढाच, की आपल्याला जायचंय कुठे?

म्हणून तिकीट काढण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. विमानतळापासून मुक्काम किती लांब? उतरल्यावर दिवस असेल की रात्र? पुढची गाडी कोणती आणि तिचं भाडं किती? परतीचं विमान रोज आहे की आठवड्यातून ठरावीक दिवशी? या सगळ्याची बेरीज करा आणि रेल्वेच्या खर्चाशेजारी मांडा. कधी विमान जिंकेल, कधी रेल्वे.

आणखी एक, खास आपलं बायकांचं. आधार कार्डावर सासरचं नाव आणि तिकिटावर माहेरचं, असं चालत नाही. दोन्हीकडे नाव सारखंच हवं. सोबत सासूबाई असतील आणि त्यांना चालवत नसेल, तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवा. तिचे वेगळे पैसे लागत नाहीत.

आता थोडं कडू बोलते. ‘उडान’मध्ये मार्ग चालवायला साधारण तीन वर्षं सरकारी मदत मिळते. २०२३ मधला कॅगचा अहवाल सांगतो, की पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. म्हणजे गेल्या वर्षी शेजारीण ज्या विमानानं गेली, ते यंदा असेलच असं नाही. लग्नाची, यात्रेची तारीख ठरवण्याआधी विमान चालू आहे ना, याची खात्री करून घ्या.

मला वाटतं, विमानतळ बांधून काम संपत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. विमानाच्या वेळेला जोडून दारात एसटी उभी राहिली, तर एकटी बाईसुद्धा निर्धास्त निघेल. आपल्या जिल्ह्यात विमानतळ असेल, तर तिथून शहरात यायला एसटी आहे का, याची आगारात चौकशी करा. नसेल तर गटाच्या लेटरहेडवर अर्ज लिहा, दहा-वीस सह्या घ्या आणि आगारप्रमुखांच्या हातात द्या. पोच घ्यायला मात्र विसरू नका!