देहाची ताकद आणि भिंतीची ताकद

सशक्त शरीर आणि टिकाऊ बांधकाम या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी त्यांचे वर्णन करणारी पुष्कळशी विशेषणे सामाईक असतात. मराठीत भक्कम, दणकट, बळकट आणि मजबूत हे शब्द मनगटालाही लागतात आणि भिंतीलाही; इंग्रजीत ‘स्टर्डी’ आणि ‘रोबस्ट’ यांचा वापर असाच दुहेरी आहे. ‘रोबस्ट’चे मूळ ओक या कठीण लाकडाच्या वृक्षाच्या लॅटिन नावात सापडते, तर कणखर, भरवशाच्या माणसाला लावल्या जाणाऱ्या ‘स्टॉलवर्ट’चा संबंध जुन्या इंग्रजीतील ‘पाया’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. ‘स्टर्डी’ मात्र जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा बेफाम, उद्दाम असा अर्थ घेऊन आला आणि बळकटीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. कोशात एका ओळीत बसणारी अशी विशेषणे परस्परांच्या जागी बिनदिक्कत वापरता येत नाहीत, आणि हा फरक नीट पाहायचा तर वऱ्हाडासारखा प्रदेश नाही, कारण दगड, वीट, माती आणि व्यायामाने घडवलेला देह या सर्वांच्या ताकदीचे नमुने येथे जवळजवळ आढळतात.

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड हा या दृष्टीने सर्वांत बोलका दाखला आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, अडगावच्या लढाईनंतर, आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या सैन्याने १५ डिसेंबर १८०३ रोजी हा किल्ला घेतला. तोफांनी बाहेरच्या कोटाला खिंडार पाडले. आतला कोट मात्र तोफांनी फुटला नाही, तर कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. म्हणजे आतल्या कोटाची भिंत शेवटपर्यंत भक्कम राहिली, पण किल्ला अभेद्य ठरला नाही. भक्कम हा बांधणीचा गुण आहे, दुर्गम हा जागेचा, आणि अभेद्य हा प्रत्यक्ष हल्ल्याने सिद्ध किंवा असिद्ध होणारा दावा आहे. हे तीन शब्द किल्ल्यांच्या वर्णनात सर्रास एकत्र फेकले जातात, ते खटकते.

अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याच्या, १४८७ मध्ये बांधलेल्या महाकाली दरवाजाला बुलंद म्हणणे योग्य, कारण त्या शब्दात उंचीबरोबर दिमाखही येतो आणि त्या दरवाजावरील कोरीवकाम त्याला साजेसे आहे. बाळापूरचा किल्ला अचलपूरचे नवाब इस्माईल खान यांनी १७५७ मध्ये पूर्ण केला. तो विटांचा असल्यामुळे कितीही मजबूत असला तरी चिरेबंदी म्हणता येत नाही, कारण चिरा म्हणजे घडवलेला दगड. अमरावतीचा परकोट मात्र दगडी आहे. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये त्याचे काम सुरू झाले, आणि २० ते २६ फूट उंचीच्या या भिंतीला पाच दरवाजे व चार खिडक्या, म्हणजे लहान दारे, ठेवण्यात आली. गावोगावच्या गढ्यांची गोष्ट आणखी निराळी. शेतीच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात, म्हणून गढीची रुंद भिंत पांढऱ्या मातीने रचली जाई. अशा भिंतीला टणक म्हणणे चूक, भरीव म्हणणे अचूक.

देहाच्या वर्णनातही अशीच काटेकोर विभागणी आहे. धिप्पाड म्हणजे उंच आणि अवाढव्य, बलदंड म्हणजे ज्याच्या बाहूंत बळ आहे असा, आडदांड म्हणजे बळाला बेबंदपणाची जोड असलेला (इंग्रजी ‘बर्ली’ याच्या जवळ येतो, पण त्यातील दोषारोप सौम्य आहे), पिळदार म्हणजे दोराच्या पिळासारखे स्नायू उठून दिसणारा, आणि काटक म्हणजे अंगावर मांस बेताचे असूनही श्रम सोसणारा, ज्याला इंग्रजीत ‘वायरी’ म्हणतात. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ज्या व्यायामप्रकारांची जोपासना झाली, त्यांतून हे भेद प्रत्यक्ष दिसतात. लाल मातीच्या हौद्यात जोर-बैठका काढून उतरणाऱ्या कुस्तीगिराला भरदार छाती आणि मांड्यांचा भार उपयोगी पडतो. मल्लखांबावर, जिथे एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडाला पकडून सगळा देह तोलायचा असतो, तोच भार अडचणीचा होतो आणि काटक, लवचीक अंगच कामाला येते. याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिके सादर केली. त्या प्रात्यक्षिकांतील खेळाडूंना सरसकट ‘स्ट्राँग’ म्हणून मोकळे होणारा वर्णनकार त्यांच्या कौशल्याचा अर्धा भाग गमावतो, कारण मल्लखांबपटूचे बळ वजनात नसून पकडीत, तोलात आणि श्वासाच्या ताब्यात असते, आणि त्यासाठी काटक हाच शब्द नेमका आहे.