लेकराचा श्वास मोजणारा बाप

जुलै 1926. बाबासाहेब आणि रमाईचा राजरत्न न्यूमोनियाने गेला. त्याआधी तीन लेकरे गेली होती. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिले. तीन मुलगे आणि एक मुलगी आपण पुरली, असे त्यात आहे. लेकरांबरोबर आयुष्यातले मीठच गेले, हे सांगताना त्यांना बायबलमधली मिठाची उपमा आठवली. हे पत्र विहारात वाचले की बाया डोळे पुसतात. माझ्यातली नर्स मात्र सालाकडे बघते. पेनिसिलिनचा शोध लागला 1928 मध्ये. ते लोकांच्या हाती यायला 1940 नंतरचा काळ उजाडला. राजरत्नासाठी ते औषध जगातच नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरी आपल्या वस्तीत लेकरू उशिरा पोचते.

बायबल म्हटले की मला वॉर्डातला एक ख्रिस्ती बाप आठवतो. सोलापुरातलाच, रिक्षा चालवायचा. नऊ महिन्यांची पोरगी न्यूमोनियाने दाखल होती. तिची आई बाळंतीण होऊन आजारी पडलेली, म्हणून रात्रपाळी बापाची. उशाशी बायबल, हातात मोबाईलचे घड्याळ.

"सिस्टर, चूक माझी आहे," तो म्हणाला. "दोन दिवस पोरगी कण्हत होती. म्हटलं सर्दी असंल. छाती भरली म्हणून तेल लावलं, प्रार्थना केली. पण झबलं वर करून एकदा बी बघितलं नाही."

"आता प्रार्थना सोडली का?" मी सहज विचारले.

"सोडली नाही. पण आमेन झालं की डोळे उघडून पोरीकडं बघतो."

मला त्याचे म्हणणे पटले. आपण बौद्ध, प्रार्थना करत नाही. पण झबले वर करून आपणही कुठे बघतो? उलट अजून कुणीतरी म्हातारी पोटावर बिब्ब्याचे चटके द्यायला सांगते आणि आपण ऐकतो. चटक्याने न्यूमोनिया जात नाही, जखम मात्र होते आणि दिवस वाया जातो.

बघायचे ते असे. लेकरू शांत असताना, झोपेत असले तर उत्तम, छाती-पोट उघडे करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पोट एकदा वर आले की एक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू दूध ओढत नसेल, सगळे ओकत असेल, झटके येत असतील किंवा हलवूनही जागे होत नसेल, तर आकडा मोजत बसू नका. 108 ला फोन करा. डॉक्टरांनी दिलेले औषध ताप उतरला म्हणून मधेच बंद करू नका.

न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा, फुकट मिळते. आपल्या लेकराच्या कार्डावर तिन्ही खुणा आहेत का ते बघा. चूल असेल तर बाळाला धुरापासून लांब निजवा.

आणि हे काम एकट्या आईवर टाकू नका. विड्या वळणाऱ्या बाईने दवाखान्यात दिवस घालवला की त्या दिवशीची हजार विड्यांची मजुरी बुडते, म्हणून ती संध्याकाळपर्यंत थांबते. बाप म्हणतो, "मला बाळाचं काय कळतं?" एक मिनिट मोजता येते ना? मग तेवढे कळते.

त्या रिक्षावाल्याची पोरगी घरी गेली त्या दिवशी मी खाट आवरत होते. औषधाचे रिकामे पाकीट राहिले होते. त्याच्या पाठीवर त्याने पेनाने लिहिले होते: रात्री 2 ला 58, पहाटे 5 ला 51, सकाळी 8 ला 44, दूध प्याली.