बसवणाराच चालवणारा हवा

गव्हाणीत मोळी पडली की गळीत हंगाम सुरू झाला, असे आपण धरतो. पण साखर कारखान्याचा हंगाम कसा जाणार, हे बरेचसे त्याआधीच्या महिन्यांत, मिल बंद असतानाच ठरलेले असते. या काळात मिल हाउसमधले फिटर रोलर उचलून बाहेर काढतात, जर्नलखालचे गनमेटलचे ब्रास तपासतात, झिजलेल्या रोलरचे दात लेथवर पुन्हा कापून घेतात, गिअरबॉक्स उघडतात, कपलिंग जुळवतात आणि मग सारे जागच्या जागी परत बसवतात. अनेक कारखान्यांत हे काम आता ठेक्याने दिले जाते. ठेकेदाराची टोळी पावसाळ्यात येते, काम उरकते, बिल घेऊन पुढच्या कारखान्याकडे जाते. हंगामात तीच मिल वेगळीच माणसे चालवतात. कागदावर ही व्यवस्था सोयीची दिसते. मला ती घातक वाटते. यंत्र बसवणारा माणूस आणि ते चालू असताना त्याच्याजवळ उभा राहणारा माणूस एकच असायला हवा, आणि त्याची कारणे यंत्राच्या रचनेतच आहेत.

एकामागे एक अशा चार-पाच मिल, आणि प्रत्येक मिलमध्ये तीन मुख्य रोलर, अशी साधारण रचना असते. वरच्या रोलरवर हायड्रॉलिक दाब असतो, त्यामुळे उसाचा थर जाड-पातळ होईल तसा तो थोडा वर-खाली होतो. खालच्या दोन रोलरच्या मधे ट्रॅश प्लेट बसवलेली असते. पहिल्या दाबातून निघालेला भुसा तिच्यावरून दुसऱ्या दाबाकडे सरकतो. ही प्लेट गरजेपेक्षा वर बसली तर रस काढण्यासाठी लागणारा दाब तीच खाऊन टाकते, घर्षण वाढते, वीज किंवा वाफ वाया जाते. ती खाली राहिली तर वरचा रोलर भुशावरून घसरतो आणि मिल ऊस ओढत नाही. किती अंतर ठेवायचे याचे गणित उसातला तंतू, गाळपाचा वेग आणि रोलरचे फेरे यांवरून मांडता येते, आणि चीफ इंजिनिअर ते मांडतातही. पण प्रत्यक्ष धातूवर ते अंतर उतरवणे फिटरच्या हातात असते. ते अंतर चुकले तर त्याची किंमत साध्या हिशेबाने काढता येईल. शंभर टन उसातून सुमारे तीस टन बगॅस, म्हणजे पिळून उरलेला भुसा, निघते. त्यात राहून गेलेल्या साखरेचे प्रमाण ०.२ टक्क्याने जरी वाढले, तरी दर शंभर टन उसामागे साठ किलो साखर बॉयलरच्या भट्टीत जाते. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात हा आकडा ३०० टनांवर पोचतो. पुढच्या प्रक्रियेतली घट वजा केली तरी अडीचशे टनांच्या आसपास साखर पोत्यात पडायची राहून जाते. हे नुकसान कोणत्याही बिघाडाच्या नोंदीत येत नाही, कारण मिल एक मिनिटही थांबलेली नसते. उतारा घसरला की दोष बहुधा उसाच्या जातीला नाहीतर पावसाला दिला जातो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. यंत्र उघडणे हे स्वतःच एक संकट असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करताना सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाला आढळले की विमानांतले बिघाड ठरावीक तपासणीनंतर लगेच वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात सर्वाधिक होती, आणि वयानुसार भाग बदलून खरा फायदा होईल असे भाग फार थोडे निघाले. विमान म्हणजे साखरेची मिल नव्हे, हे खरेच. उसाबरोबर माती आणि वाळू येते, रोलर नक्की झिजतो, तो काढल्यावाचून गत्यंतर नाही. पण बेअरिंग, पंप, गिअरबॉक्स, कपलिंग यांचे वागणे निराळे. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य आठव्या हिश्शावर येते. दोन शाफ्ट एका रेषेत नसले, अंतर भरणारी एखादी पातळ पट्टी, म्हणजे शिम, कमी पडली, बेअरिंग बसवताना कचऱ्याचा कण आत गेला, की भार वाढतो, पण तो लगेच दिसत नाही. जुलैत झालेली ही चूक नोव्हेंबरात किंवा जानेवारीत आवाज देते. तोवर ठेकेदाराची टोळी कुठे असते? आपली जुळवणी कुठे चुकली हे तिला कधीच कळत नाही, म्हणून पुढच्या वर्षी ती तीच चूक दुसऱ्या गावात करते. हाताला शहाणपण येते ते परिणाम भोगल्याने. परिणामापासून कामगाराला तोडले, की पंधरा वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाचा पंधरा वेळा झालेला अनुभव ठरतो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा आहे: हंगाम सरला की एवढी माणसे कारखान्याने कशाला पोसायची? पण हंगामी कामगारांना बंद काळात रिटेन्शन अलाउन्स देण्याची रीत महाराष्ट्रातल्या साखर उद्योगात जुनी आहे. माणूस टिकवण्याला किंमत असते, हे उद्योगाने पूर्वीच मान्य केलेले आहे. शिवाय मागणी शेकडो माणसांची नाही, मिल हाउसच्या एका कसलेल्या तुकडीची आहे. भट्टीत जाणारी साखर आणि त्या तुकडीचा पगार शेजारी मांडून पाहावा. दुसरा आक्षेप सेन्सरचा. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनवर, पंख्यांवर, पंपांवर कंपनमापक बसवावेत, त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. मिलचा रोलर मात्र मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो. इतक्या संथ फिरण्यात बिघाडाचा संकेत फार क्षीण असतो आणि भोवतीच्या गोंगाटात तो सहज बुडतो. ब्रास तापतोय का, वंगण काळे येतेय का, टॉप रोलर एका बाजूनेच उचलला जातोय का, हे तिथे उभ्या माणसाला आधी कळते. आणि सेन्सरने इशारा दिला तरी कारण सांगायला माणूसच लागतो. ते त्याच्या लगेच ध्यानात येते, ज्याने त्या बेअरिंगखाली शिम स्वतः घातलेली असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जुने फिटर सवयीचे गुलाम होतात, 'आम्ही असेच बसवत आलो' म्हणून गणिताला बाजूला सारतात, आणि एकाच माणसावर सगळे अवलंबून राहिले तर तो निवृत्त झाल्यावर कारखाना आंधळा होतो. हे घडते. पण टोळी बदलणे हा त्यावरचा उपाय नव्हे. नोंद ठेवणे हा आहे. प्रत्येक मिलची उघडताना असलेली आणि मिटताना ठेवलेली अंतरे, डायल गेजवरची कपलिंगची मापे, ब्रासची झीज, हे सारे बसवणाऱ्याच्या सहीने वहीत यावे आणि हंगाम संपल्यावर त्याच्याच समोर पुन्हा मोजले जावे. आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम करून आलेल्या मुलाला त्याच्या हाताखाली संपूर्ण वर्ष द्यावे, म्हणजे बसवणे आणि चालवणे या दोन्ही बाजू त्याने पाहिलेल्या असतील. माणसाचे नाव कामाशी जोडणे ही कल्पना आपल्या कायद्यालाही परकी नाही. चालू यंत्राजवळ तपासणी वा वंगणाचे काम खास प्रशिक्षित माणसानेच, घट्ट बसणारे कपडे घालून करावे आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, अशी अट १९४८ च्या कारखाने कायद्याने घातली. ती जीव वाचवण्यासाठी होती. मिल बसवण्याच्या कामालाही तसेच नाव हवे. आणि ज्या कारखान्यांना ठेका सोडणे आज शक्य नाही, त्यांना करारात एक कलम घालता येईल: बसवणाऱ्या टोळीतले मुख्य फिटर गाळपाचा पहिला महिना मिल हाउसमध्ये पाळीवर राहतील, आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्या महिन्याची बगॅसमधल्या साखरेची आकडेवारी पाहूनच दिला जाईल.