मुळ्याचा दिवा आणि ९२ परार्ध

मुळ्याच्या आकाराचा दिवा पाहिलाय कधी? पणती नाही, कंदील नाही, चक्क मुळा!

दक्षिण कोरियात मामामू नावाचा चौघी गायिकांचा गट आहे. कोरियन भाषेत ‘मू’ म्हणजे मुळा. मग त्यांच्या चाहत्यांनी गाण्याच्या कार्यक्रमात हातात काय धरायचं? अर्थात मुळा. प्लास्टिकचा, आत सेल घातलेला. ब्लॅकपिंक या गटाचा दिवा गुलाबी हातोडीसारखा दिसतो, दोन्ही टोकांना बदाम. बिग बँगचा दिवा म्हणजे मुकुट. आणि बीटीएसचा दिवा गोल गरगरीत बॉम्बसारखा. त्याचं नावही ‘आर्मी बॉम्ब’च आहे, पण घाबरू नका, तो फुटत नाही.

या बीटीएसनेच मला कामाला लावलं. माझी भाची सातवीत आहे. तिच्या खोलीच्या भिंतीवर त्या गटातले सातही जण लटकलेले आहेत. त्यांतला कोण कोण आहे ते मला ओळखता येत नाही म्हणून ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते, तशा नजरेने माझ्या गणिताच्या बाईंनीही कधी बघितलं नव्हतं. तर परवा ती लंडनच्या वेम्बली स्टेडियमचा व्हिडिओ लावून बसली होती. जून २०१९ मध्ये बीटीएसने तिथे लागोपाठ दोन दिवस कार्यक्रम केले. फुटबॉलचं ते अवाढव्य मैदान, दिवस मावळलेला, आणि प्रेक्षकांच्या हातांत हजारो गोल दिवे. बघता बघता सगळे जांभळे झाले. मग एका बाजूने निळी लाट उठली, सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेली. मग प्रेक्षकांत अक्षरं उमटली!

“मावशी, इतक्या सगळ्यांना एकदम कसं कळतं गं, कुणी कधी कुठला रंग लावायचा?”

“समोरून कोणी सांगत असेल माइकवरून,” मी म्हटलं.

“आणि सगळे ऐकतात? आमच्या वर्गात चाळीस जण आहेत, तर ‘हात खाली’ म्हटल्यावर सहा हात वरच असतात.”

बरोबर होतं तिचं. शिवाय माइकने ते जमणारही नाही. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. ऐकायला जोरदार वाटतं, पण मैदानात १७० मीटर लांब बसलेल्या माणसाला आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो. एवढ्या वेळात तालाचा ठोका हुकलाच! मोठ्या मैदानात सगळे एकत्र टाळ्या वाजवायला लागले की टाळ्यांची खिचडी होते, ती याच कारणाने.

मग दिव्यांची खिचडी का होत नाही?

कारण ते बटण दाबायचं काम माणसांकडे नसतंच. दिव्याच्या दांड्यात एक छोटंसं सर्किट असतं आणि रेडिओलहरी पकडणारा भाग असतो. तुमच्या फोनमधून कानातल्या बिनतारी इअरफोनला गाणं पोचवतं ते ब्लूटूथ, तीच जातकुळी. कार्यक्रमाला गेलं की प्रेक्षक फोनवरच्या अॅपमध्ये आपल्या तिकिटावरचा आसनक्रमांक भरतात, आणि अॅप तो क्रमांक दिव्याच्या डोक्यात घालून ठेवतं. झालं. आता त्या दिव्याला ठाऊक असतं की आपण कुठल्या विभागात, कितव्या रांगेत आहोत.

पुढचं सगळं शाळेच्या मैदानावरच्या कवायतीसारखं आहे. पी. टी.चे सर प्रत्येकापाशी जाऊन कानात सांगत नाहीत. ते एकदाच ओरडतात, “एक ते वीस क्रमांक, खाली बसा! विषम क्रमांक, हात वर!” आपापला क्रमांक ज्याचा त्याला पाठ असतो, त्यामुळे ज्याचं काम तोच करतो, बाकीचे गप्प उभे. स्टेडियममध्ये नियंत्रण-टेबलावर बसलेली माणसं हेच करतात. एकच निरोप सगळीकडे सोडला जातो: अमक्या विभागातले निळे व्हा, तमक्या रांगेतले विझा. प्रत्येक दिवा तो निरोप ऐकतो, स्वतःच्या क्रमांकाशी ताडून बघतो, आणि ‘हे आपल्यासाठी आहे’ असं दिसलं की रंग बदलतो. रेडिओलहरींचा वेग प्रकाशाइतकाच. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्याहूनही कमी वेळात निरोप १७० मीटर लांब पोचलेला असतो. ताल हुकणार कुठून?

यात एक गंमत होऊ शकते. तुम्ही आसनक्रमांक चुकीचा भरलात, तर निळ्याशार समुद्रात मधोमध तुम्ही एकटेच गुलाबी. कवायतीत सगळे उजवीकडे वळल्यावर डावीकडे वळलेल्या मुलासारखे!

आणि रंग? तिथे तर फक्त तीन दिवे आहेत: लाल, हिरवा, निळा. लाल आणि निळा एकत्र लावला की जांभळा, तिन्ही लावले की पांढरा. कोणाला किती जोर द्यायचा ते बदललं की बाकीचे रंग तयार. टीव्हीच्या पडद्यावर भिंग धरून बघा (आजीच्या मालिकेची वेळ सोडून), तुम्हांला तेच तीन रंगांचे ठिपके दिसतील. म्हणजे बघा, वेम्बलीतला प्रत्येक प्रेक्षक त्या रात्री टीव्हीच्या पडद्यावरचा एकेक ठिपका झाला होता. गाणं बघायला गेलेली माणसंच गाण्याचं चित्र बनली होती.

मला कोरियन गाण्यांत सगळ्यात भारी वाटतं ते हेच. तिथे ऐकणाऱ्यालाही काम असतं. नुसतं बसून टाळ्या वाजवून भागत नाही. कुठल्या ओळीनंतर गायकांची नावं कुठल्या क्रमाने ओरडायची, हेसुद्धा चाहते आधी पाठ करून येतात.

ही गाणी आणि ही रीत एका दिवसात आलेली नाहीत. १९९२ साली सो ताइजी नावाच्या गायकाने आणि त्याच्या दोन साथीदारांनी टीव्हीवरच्या एका स्पर्धेत कोरियन गाण्यात रॅप मिसळून म्हटलं. परीक्षकांनी नाकं मुरडली आणि अगदी कमी गुण दिले. देशातल्या मुलांना मात्र त्या गाण्याने वेड लावलं. (परीक्षेत कमी गुण मिळाले तर हे उदाहरण घरी सांगून बघा. चालेल असं नाही.) मग १९९४ मध्ये तिथल्या सरकारपुढे एक अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की ‘जुरासिक पार्क’ या एकट्या सिनेमाची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्या विकण्याएवढी आहे. मोटारी आणि जहाजं बांधणाऱ्या देशाने कान टवकारले. गाणी आणि सिनेमेसुद्धा परदेशी पाठवायचा माल असू शकतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. गाण्याच्या कंपन्या निघाल्या. त्या लहान वयाची मुलं निवडून त्यांना वर्षानुवर्षं गाणं, नाच आणि परदेशी भाषा शिकवायला लागल्या. ते शिक्षण फार कडक असतं. इतकं की मला ते वाचून कधी कधी त्या मुलांची काळजीच वाटते.

१९९६ मध्ये एच.ओ.टी. नावाचा पाच मुलांचा गट आला आणि त्याच्या चाहत्यांनी पांढरे फुगे हातात घेतले. पाठोपाठ जेकस्कीस गट आला, त्याच्या चाहत्यांचे फुगे पिवळे. जीओडीचे आकाशी, शिन्ह्वाचे केशरी. लांबून बघूनच कळायचं, मैदानात कोणाची किती माणसं आली आहेत ते. पण गट वाढत गेले आणि रंग पडले मोजके. हा रंग आमचा, नाही आमचा, अशी भांडणं लागली. मग बिग बँगने पिवळ्या मुकुटाचा दिवा काढला, आणि रंगांऐवजी आकारांची चढाओढ सुरू झाली. रंग संपतात, आकार कुठे संपतात? म्हणून तर गोष्ट मुळ्यापर्यंत आली.

दिवा लावून जसं बोलता येतं, तसं विझवूनही बोलता येतं. २००८ मध्ये सोल शहरातल्या एका मोठ्या कार्यक्रमात गर्ल्स जनरेशन हा मुलींचा गट रंगमंचावर आला आणि दुसऱ्या गटांच्या चाहत्यांनी आपापले दिवे बंद करून टाकले. जवळजवळ दहा मिनिटं समोर नुसता काळोख. त्याला ‘काळा समुद्र’ असं नाव पडलं. मला ते बिलकूल आवडलं नाही. समोर गाणाऱ्या त्या मुली कोवळ्या वयाच्या होत्या.

त्याच मुलींचं २००७ सालचं एक गाणं पुढे अगदी वेगळ्याच ठिकाणी ऐकू आलं. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी अचानक लष्करी कायदा पुकारला. संसदेने तो काही तासांतच उलथवला, पण लोक चिडले होते. पुढचे कित्येक दिवस कडाक्याच्या थंडीत ते संसदेसमोर जमत राहिले. पूर्वी अशा वेळी तिथे मेणबत्त्या असत. या वेळी तरुण मुलामुलींनी कपाटातून आपापले गाण्याचे दिवे काढून आणले. वारा आला तरी ते विझत नाहीत! इथे नियंत्रण-टेबल नव्हतं, आसनक्रमांक नव्हता. वेगवेगळ्या गटांचे दिवे शेजारी शेजारी, ज्याचा रंग त्याचा. आणि सगळे मिळून ते जुनं गाणं म्हणत होते.

एवढं सांगून झाल्यावर भाचीने विचारलं, “पण मावशी, एका दिव्याने काय काय सांगता येतं? चालू नाहीतर बंद, बस ना?”

बस? अगं, चालू-बंदवर तर सगळा संगणक चालतो!

पाच मुलांना एका ओळीत उभं करा, प्रत्येकाच्या हातात टॉर्च द्या. उजवीकडून पहिल्याचा टॉर्च लागला तर त्याची किंमत १. दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, पाचव्याची १६. दर वेळी दुप्पट. आता सात दाखवायचे? पहिले तिघे टॉर्च लावतील: १ अधिक २ अधिक ४. एकवीस? पहिला, तिसरा आणि पाचवा. पाचही लागले की ३१, म्हणजे ओळ भरली. बत्तीस दाखवायला सहावा मुलगा आणावाच लागेल. टॉर्च नसतील तर एका हाताच्या बोटांवरही हे जमतं. दोन्ही हातांची दहा बोटं वापरलीत तर थेट १०२३ पर्यंत मोजाल.

यूट्यूबवर व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला, ते मोजणाऱ्या काट्याकडे असे ३२ दिवे होते. त्यातला एक दिवा संख्या अधिक आहे की उणे हे दाखवायला राखलेला, म्हणजे मोजायला उरले ३१. सगळे ३१ लागले की होतात २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज, चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. एवढ्या वेळा कोण कशाला एकच व्हिडिओ बघेल, असं वाटून मंडळी निश्चिंत होती.

१५ जुलै २०१२ ला ‘गंगनम स्टाइल’ आलं. काळा गॉगल लावलेला साय नावाचा गुबगुबीत गायक अदृश्य घोड्यावर बसल्यासारखा उड्या मारत होता. ‘गंग’ म्हणजे नदी, ‘नम’ म्हणजे दक्षिण. सोल शहरात हान नदीच्या दक्षिणेला असलेला तो श्रीमंतांचा भाग, आणि तिथल्या दिखाऊपणाची गाण्यात खिल्ली उडवलेली. जगातल्या बहुतेकांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी लग्नाच्या वरातींपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळे तो घोडा दौडवत होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला एक अब्जाचा आकडा पार झाला. यूट्यूबवर तोवर कुठल्याच व्हिडिओला ते जमलं नव्हतं. आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये यूट्यूबने जाहीर केलं की या गाण्यासाठी आम्हांला काटाच बदलावा लागला!

आजोबांच्या जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर जायचा, तसंच काहीसं इथे झालं असतं. उलट जास्त मजेशीर. ३१ दिवे भरल्यावर आणखी एक मिळवला की ते सगळे विझतात आणि राखून ठेवलेला उणे चिन्हाचा दिवा लागतो. म्हणजे ‘हे गाणं उणे दोन अब्ज वेळा पाहिलं गेलं’! पण काटा कोलमडला ही नुसती आवई आहे. इंजिनिअरांना आकडा जवळ येताना आधीच दिसला होता आणि त्यांनी ३२ ऐवजी ६४ दिव्यांचा काटा बसवून ठेवला होता. वर थोडी मस्करीही केली. आकड्यावर माउस नेला की अंक गरागरा फिरायचे.

“मग आता ६४ दिवे किती मोजतील? दुप्पट?” भाची म्हणाली.

दुप्पट तर नुसता एक दिवा वाढवला की होते. इथे ३२ वाढले. आता काटा भरेल तो ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ वर. वाचता येईना ना? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या नावांची यादी आहे: एक, दश, शत, सहस्र करत अब्ज, खर्व, निखर्व आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. यादी तिथे संपते. हा काटा ९२ परार्धांच्याही पुढे जातो.

भाचीने वही ओढली. जुन्या काट्याची हद्द गाठायला सायच्या घोड्याला जवळजवळ अडीच वर्षं लागली. नवा काटा जुन्याच्या ४२९ कोटी पट मोठा. त्याच वेगाने भरायचा तर?

गुणाकार मी करून दिला: हजार कोटी वर्षं. सूर्याचं इंधन अजून सुमारे पाचशे कोटी वर्षं पुरेल असं शास्त्रज्ञ सांगतात.

“म्हणजे सूर्य आधी विझणार,” ती म्हणाली, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.