नेपल्समध्ये पिझ्झा कुठे खायचा?

बालमित्रांनो, समजा तुम्ही इटलीतल्या नेपल्स शहरात उतरलात. पोटात कावळे ओरडताहेत, गल्लोगल्ली पिझ्झाची दुकानं, आणि खिशात पैसे मोजकेच. कुठे शिरायचं?

पदार्थांच्या रंगीत फोटोंना भुलू नका हं! आधी आत डोकावून भट्टी बघा. जुन्या पद्धतीची भट्टी घुमटासारखी असते, लाकडावर पेटते. आत ४३० ते ४८० अंश सेल्सिअस उष्णता! म्हणून तर पिझ्झा अवघ्या ६० ते ९० सेकंदांत भाजून होतो.

मग कारागिराचे हात बघा. आपण भाकरी लाटत नाही, थापतो ना? तिथेही पिठाचा गोळा हातानंच पसरतात. त्यामुळे पिठातली हवा कडेला सरकते, काठ टम्म फुगतो आणि मधला भाग पातळ, मऊ राहतो. लाटण्यानं ती हवाच निघून जाते. तेव्हा लाटणं दिसलं की आल्या पावली परत फिरा!

झटपट पिझ्झ्यांच्या गर्दीत ही रीत बुडेल, अशी तिथल्या कारागिरांना धास्ती वाटली. म्हणून १९८४ साली त्यांनी संस्था काढून नियम लिहून ठेवले. नियम पाळणाऱ्या दुकानावर संस्थेची पाटी असते. २०१७ मध्ये युनेस्कोनंही या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

आणि हो, पदार्थांची लांबलचक यादी बघूनही हुरळू नका. 'दा मिकेले' हे १८७०पासूनचं दुकान नावाजलं ते दोनच प्रकारांवर, मार्गेरिता आणि मारिनारा. मारिनारावर चीज नसतंच! नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो नि तेल. चूक झाकायला जागाच नाही. मी तर नव्या दुकानात आधी तोच मागवीन.