परदेशी डबा, आपलं पाणी

मुंबई-पुण्यातल्या बड्या सुपरमार्केटांत धुण्याच्या पावडरींच्या रांगेत हल्ली एक वेगळा कप्पा असतो. ब्रिटनचं पर्सिल, अमेरिकेतल्या टाइडच्या कॅप्सूल, जपानचं अटॅक. ऑनलाइन तर याहून जास्त मिळतं, आणि ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्या घरी दर दिवाळीला बॅगेतून एखादा डबा येतोच. तो वापरून पाहिलेली माणसं सांगतात की कपड्यांना वास काय सुंदर येतो, टॉवेल किती मऊ राहतात. मग प्रश्न पडतो, इतके पैसे मोजावेत का?

आधी हिशेब करू. समजा, परदेशी लिक्विडची बाटली १,८०० रुपयांची आहे आणि तिच्यात ४० धुणी होतात असं तिच्यावर लिहिलंय. म्हणजे एकदा मशीन लावायला ४५ रुपये. देशी मॅटिक पावडर २५० रुपये किलो धरली आणि एका वेळी ७० ग्रॅम लागते असं मानलं, तर तोच खर्च साडेसतरा रुपये होतो. आठवड्यातून चार वेळा मशीन लावणाऱ्या घरात वर्षाचा फरक पावणेसहा हजारांच्या आसपास जातो. ‘किलोला किती’ यापेक्षा ‘एका धुण्याला किती’ हेच पाहायला हवं, कारण काही परदेशी पावडरी दाट असतात आणि खरोखर कमी लागतात. पण तेवढी सूट देऊनही तफावत उरतेच.

माझं मत असं, की बहुतेक मराठी घरांनी हा फरक मोजू नये. परदेशी माल वाईट आहे असं मुळीच नाही. उलट तो फार विचारपूर्वक बनवलेला असतो. पण तो विचार तिथलं पाणी, तिथली यंत्रं आणि तिथलं तापमान डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो.

त्याआधी ‘परदेशी’ या शब्दाभोवतीचं वलय थोडं बाजूला करू. ब्रिटनमध्ये मिळणारं पर्सिल युनिलिव्हर बनवते. तीच युनिलिव्हर, जिची इथली कंपनी सर्फ एक्सेल विकते. जर्मनीतलं पर्सिल मात्र हेन्केलचं. एकच नाव, पण मालक दोन आणि मिश्रणंही दोन. एरियल आणि टाइड प्रॉक्टर अँड गॅम्बलचे ब्रँड, आणि ते आपल्याकडे किराणा दुकानातही मिळतात. हेन्केलचा भारतातला व्यवसाय २०११ मध्ये मुंबईच्या ज्योती लॅबोरेटरीजने घेतला. हेन्को त्यातूनच त्यांच्याकडे आलं. म्हणजे समुद्रापलीकडे एखादी गुप्त विद्या आहे आणि ती इथे पोचलेलीच नाही, असं काही नाही. एकाच कंपनीची इथली आणि तिथली पावडर वेगळी असते हे खरं, पण ती वेगळी असण्याला कारणं आहेत.

कोणत्याही चांगल्या डिटर्जंटमध्ये मळ सोडवणारा, फेस देणारा मूळ घटक असतो. पाण्यातले क्षार बांधून ठेवणारे घटक असतात. पांढरेपणा दाखवणारी द्रव्यं असतात. जुन्या पिढीला आठवणारं टिनोपाल ते हेच. ही द्रव्यं उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश टाकतात, त्यामुळे पिवळट कापड शुभ्र दिसतं. मळ त्याने निघत नाही, फक्त दिसणं बदलतं. नीळही वेगळ्या मार्गाने हेच करते. या सगळ्याबरोबर सुगंध असतो, आणि सर्वांत महत्त्वाची असतात ती एन्झाइम.

एन्झाइमबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण साधी पावडर आणि चांगली पावडर यांतला खरा फरक तिथेच आहे. १९१३ मध्ये ओटो रोह्म या जर्मन रसायनतज्ज्ञाने प्राण्यांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम कपडे धुण्यासाठी वापरून पाहिली. पुढे ती जिवाणू आणि बुरशीपासून मोठ्या प्रमाणावर बनवता येऊ लागली. आज प्रोटिएज रक्त, दूध, घाम यांतल्या प्रथिनांचे तुकडे करतं. अमायलेज भाताची पेज, खीर, रस्सा यांतलं पिष्ट तोडतं. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नोवो कंपनीने लायपोलेज आणलं, ते तेल-तुपावर चालतं. शर्टाची कॉलर आणि उशीचे अभ्रे यांवरचं डोक्याचं तेल ज्यांना रोज दिसतं, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. सेल्युलेज सुती कापडावर उठलेले बारीक तंतू कापतं, त्यामुळे जुन्या कुर्त्याचा रंग पुन्हा उजळ दिसतो. ही एन्झाइम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्यांनाच माल विकतात. वरच्या श्रेणीच्या देशी मॅटिक पावडरींतही एन्झाइम असतात. सर्वांत स्वस्त पावडरीकडून एन्झाइमवाल्या देशी पावडरीकडे गेलात तर कपड्यांत फरक स्पष्ट जाणवतो. तिथून परदेशी डब्याकडे गेल्यावर जाणवणारा फरक फार छोटा असतो.

इथे एक सूचना. ब्रिटिश डब्यांवर ‘बायो’ किंवा ‘नॉन-बायो’ असं लिहिलेलं असतं. ‘नॉन-बायो’ म्हणजे एन्झाइम नसलेलं. ते बाळाच्या कपड्यांसाठी म्हणून खपतं, चित्रंही तशीच कोवळी असतात. ‘नॉन-बायो’ घेणारा माणूस जास्त पैसे देऊन डिटर्जंटमधला सर्वांत कामाचा घटक वगळलेला डबा घरी आणतो.

आता पाणी. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पावसाचं साठलेलं पाणी मिळतं. ते हलकं, त्यात क्षार कमी. पुण्याच्या जुन्या भागात खडकवासल्याचं पाणी येतं, पण शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत बोअर आणि टँकर. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत तर बोअरच. बेसाल्टच्या भेगांतून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्यात डिटर्जंटचा बराच भाग मळाकडे पोचण्याआधीच क्षारांशी झुंजण्यात खर्च होतो. टॉवेल कडक होतात, गडद कपड्यांवर पांढुरकी झाक येते, बादलीच्या काठाला आणि मशीनच्या ड्रमला खार धरतो.

युरोपातही हे आहे. लंडनचं पाणी चांगलंच जड, स्कॉटलंडचं हलकं. म्हणून युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमांनुसार डब्यावर हलक्या, मध्यम आणि जड पाण्यासाठी वेगवेगळी मात्रा छापावी लागते, कोणते घटक किती टक्क्यांच्या पट्ट्यात आहेत तेही सांगावं लागतं आणि एन्झाइम आहेत का याचाही उल्लेख करावा लागतो. परदेशी डब्यातली मला खरोखर हेवा वाटावा अशी गोष्ट ही आहे. आपल्या पाकिटांच्या पाठीवर डागांची चित्रं आणि वचनं भरपूर असतात, पण ‘तुमचं पाणी जड असेल तर इतकं घ्या’ हे क्वचितच. हे सांगणारं कोष्टक आपल्या प्रत्येक पाकिटावर असायलाच हवं. ग्राहक म्हणून ते मागण्याचा आपला हक्क आहे.

जपानची गोष्ट थोडी निराळी. तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं, आणि कपडे सहसा गार पाण्यात धुतात. आंघोळीच्या टबातलं उरलेलं पाणी मशीनला वापरण्याची तिथे सवय आहे. काओ कंपनीने १९८७ मध्ये अटॅक आणलं, ते थोड्या मात्रेत चालणारं, एन्झाइमवर भर देणारं. मुंबईच्या तलावाच्या पाण्यात असं डिटर्जंट उत्तम चालेल. तेच छत्रपती संभाजीनगरच्या बोअरच्या पाण्यात घाला, चिमूटभर मात्रेचं गणित तिथे कोलमडतं.

तापमानाचा मुद्दा याहून नाजूक आहे. हेन्केलने १९०७ मध्ये पर्सिल आणलं तेव्हा त्यात पर्बोरेट होतं. कपडे त्यात घालून उकळायचे, घासायचं नाही. आजच्या युरोपीय पावडरीत त्या जागी परकार्बोनेट असतं. ते गरम पाण्यात ऑक्सिजन सोडतं आणि चहा, वाईन, फळांचे डाग उडवतं. त्याला ६० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. सोबत टीएईडी नावाचा घटक घातला तर ४० अंशांतही काम होतं. तिथल्या फ्रंट लोड मशीनमध्ये हीटर असतो आणि दीड-दोन तासांचं चक्र नेहमीचं. आपल्याकडच्या बहुसंख्य टॉप लोड मशीनमध्ये नळाचं पाणी आहे तसं जातं आणि अर्ध्या-पाऊण तासात कपडे बाहेर येतात. त्यात परकार्बोनेटला जागं व्हायलाही वेळ मिळत नाही, आणि आपण पैसे मोजलेले असतात नेमके त्याचेच. परीट भट्टी लावून, सोडा घालून चादरी उकळत असत, त्यामागे हेच ज्ञान होतं.

लिक्विडमध्ये तर परकार्बोनेट टिकतच नाही, म्हणून ते नसतं. लिक्विडमधला सर्वांत मोठा घटक पाणी. ते जहाजातून आणायचं, त्यावर आयात शुल्क द्यायचं आणि मग आपल्या पाण्यात ओतायचं. कंटेनरमधल्या उष्णतेत आणि गोदामातल्या महिन्यांत एन्झाइमची ताकदही हळूहळू उतरते. कोकणातल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून बसतात. शिवाय त्या पूर्ण भरलेल्या मोठ्या मशीनच्या हिशेबाने भरलेल्या; चार कपड्यांसाठी अर्धी कॅप्सूल टाकता येत नाही. लहान मुलं असतील तर त्या वरच्या कप्प्यात, बंद डब्यातच ठेवा. मुलांना त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात, आणि त्यातलं दाट द्रव्य तोंडात-डोळ्यांत गेलं तर गंभीर इजा होते.

आपला खास डाग हळदीचा. त्यातलं कर्क्युमिन प्रथिनही नाही, पिष्टही नाही, तेलही नाही, त्यामुळे एन्झाइम त्याला स्पर्श करत नाहीत. साबण लागताच डाग लालबुंद होतो. चुन्याच्या संगतीत हळदीचं कुंकू होतं, तोच हा प्रकार. पण कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. आमटीचं तेल साबणाने काढून ओला कपडा कडक उन्हात वाळत घातला, की एक-दोन दिवसांत पिवळेपणा विरतो. हे काम करणारं ऊन आपल्याला वर्षाचे आठ महिने फुकट मिळतं.

उरलेले चार महिने पावसाचे, आणि परदेशी डब्याचा मोह तेव्हाच सर्वांत जास्त होतो, कारण न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या वासाचा मोठा वाटा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूकडे जातो असं दाखवलं. हा जिवाणू कपड्यात उरलेल्या घाम-तेलावर जगतो आणि ओलेपणा लांबला की वाढतो. सुगंध त्याला मारत नाही, फक्त झाकतो. महागड्या परदेशी डिटर्जंटमध्ये सुगंधाच्या सूक्ष्म कुप्या असतात. कपडा हलला, घासला की त्या फुटतात आणि धुतल्यानंतर कित्येक दिवस वास येत राहतो. तो आनंद खोटा नाही, ज्याला हवा त्याने घ्यावा. पण कुबटपणा घालवायचा तर कपडे विरळ वाळत घाला, पंखा लावा, मशीनचं झाकण उघडं ठेवा आणि मळ नीट निघेल इतका वेळ भिजू द्या.

आणि मात्रा आवरा. फेस जास्त म्हणजे धुणं चांगलं, ही आपली बादलीच्या काळातली खूण. मशीनच्या डिटर्जंटमध्ये फेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो. घरी धुणं करायला येणाऱ्या मावशींना परदेशी लिक्विड दिलं तर फेस येत नाही म्हणून त्या तिप्पट घालतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. जास्तीचं डिटर्जंट कपड्यात राहतं, कातडीला खाज आणतं, मशीनच्या रबरावर काळा थर धरतं आणि उरलेलं नाल्यातून नदीत जातं. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे तवंग दिसतात, त्यात कारखान्यांचं सांडपाणी आहे तसं घरांचंही आहे.

पैठणी, इरकलीतलं रेशीम किंवा लोकरीची शाल मात्र कुठल्याही देशाच्या एन्झाइमवाल्या डिटर्जंटमध्ये घालू नका. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत, आणि प्रोटिएजला डाग कुठला आणि धागा कुठला हे कळत नाही. तिथे रिठ्याचं पाणीच बरं.

मग परदेशी डबा कुणी घ्यावा? ज्यांच्या कातडीला सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी आहे, त्यांनी जरूर विचार करावा. पूर्ण बिनवासाचं डिटर्जंट आपल्या किराणा दुकानांत सहजी सापडत नाही. इथल्या काही छोट्या उत्पादकांकडे ते मिळतं, आधी तिथे शोधावं. ज्यांच्याकडे हीटरवालं मशीन आहे आणि जे पांढऱ्या चादरी-टॉवेल ६० अंशांवर धुतात, त्यांना युरोपीय पावडरीचा खरा उपयोग होतो. पावडरीचाच, लिक्विडचा नव्हे. पण ऑक्सिजन ब्लीचची वेगळी पावडर आपल्याकडेही मिळते. देशी मॅटिकमध्ये एक चमचा घालून गरम पाण्याचं चक्र लावलं की जवळजवळ तेच काम होतं.

घ्यायचाच असेल तर डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी असलेलं लेबल आहे ना, ते बघा. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. आणि त्याही आधी घरचं पाणी ओळखा. पारदर्शक बाटलीत ते अर्धं भरा, साध्या साबणाचा छोटा तुकडा किसून टाका आणि जोरात हलवा. डिटर्जंट वापरू नका, त्याला जड पाण्यातही फेस येतो. वर दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी असेल तर पाणी हलकं. फेस नाही आणि पाणी दुधाळ झालं, तर आधी थोडा धुण्याचा सोडा घालून सुती कपडे भिजवा, मग मशीन लावा. सोड्याला काही रुपये पडतात.