हसरे शेजारी, निळे लिफाफे

द हेग : नेदरलँड्समध्ये नव्यानं आलेल्याला सगळ्यात आधी भावतो तो इथला मोकळेपणा. अनोळखी माणूसही हसून विचारपूस करतो. वाढदिवसाला गेलं की गोल मांडलेल्या खुर्च्यांवरच्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, मग कॉफी आणि केक. यात ढोंग नाही. पण एवढ्यावरून इथं सगळ्यांना समान वागणूक मिळते असं धरून चालणं चूक आहे. पाळणाघर भत्त्याचं प्रकरण त्याचा पुरावा आहे.

नोकरदार पालकांना पाळणाघराच्या खर्चासाठी इथं सरकारी भत्ता मिळतो. 2013 मध्ये काही बल्गेरियन टोळ्यांनी सरकारी भत्त्यांत केलेली अफरातफर उघड झाली, संसद खवळली आणि कर खात्यानं तपासणीचा फास आवळला. संशयित निवडणाऱ्या संगणक प्रणालीत 'अर्जदार डच नागरिक आहे की नाही' हाही एक निकष होता. मग खात्याचा ओळखीचा निळा लिफाफा दारात पडायचा. एखादी सही राहिली, स्वतःच्या वाट्याचे थोडे युरो भरायचे राहिले, तरी वर्षभराचा सगळा भत्ता परत मागितला जाई. रक्कम हजारो युरोंच्या घरात जाई. घरं गेली, संसार मोडले. स्थलांतरित वंशाच्या कुटुंबांना याची झळ सर्वाधिक बसली.

दाद मागायची कुठं? सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठ असलेल्या राज्य परिषदेनं 2019 पर्यंत खात्याचीच बाजू उचलून धरली. कायदा संसदेनंच कडक केलेला होता. संविधानाच्या पहिल्याच कलमात समान वागणुकीची हमी आहे, पण कलम 120 नुसार संसदेचा कायदा घटनेच्या कसोटीवर तपासण्याचा अधिकार न्यायालयांना नाही. उदारमतवादी लोकशाहीचे तिन्ही खांब जागेवर होते, तरी त्या कुटुंबांना आधार मिळाला नाही.

हे प्रकरण तडीला नेलं ते मोजक्या माणसांनी: वकील एव्हा गोन्झालेझ पेरेझ, खासदार पीटर ओम्त्झिग्त आणि रेन्स्के लेइटन, आणि काही चिकाटीचे पत्रकार. डिसेंबर 2020 मध्ये संसदीय समितीनं याला 'अभूतपूर्व अन्याय' म्हटलं. 15 जानेवारी 2021 ला मार्क रुट्टे यांच्या सरकारनं राजीनामा दिला. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत रुट्टे यांचाच पक्ष पहिला आला. 2022 मध्ये कर खात्यात संस्थात्मक वंशभेद होता, अशी कबुली सरकारनं दिली. 2023 मध्ये मशिदी आणि कुराण नकोत असं जाहीरनाम्यात छापणाऱ्या खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाला 150 पैकी 37 जागा, म्हणजे सर्वाधिक, मिळाल्या. त्यांना मत देणारे परग्रहावरून आलेले नव्हते; वाढदिवसाच्या त्याच गोलात बसणारे होते. 2025 मध्ये तो पक्ष सत्तेतून बाहेर पडला आणि मग मतदारांनी त्याच्या जागा कमी केल्या, ही दिलाशाची गोष्ट. पण त्या मतांमागची भावना संपलेली नाही.

मनातला आकस सौजन्यानं झाकला जातो, पुसला जात नाही. तो फॉर्ममध्ये, निकषात, मतपेटीत उतरतो. त्याला अडवायला प्रश्न विचारणारी संसद आणि निर्भय न्यायालय लागतं. इथं शिकायला, नोकरीला येणाऱ्या मराठी मुलामुलींना म्हणूनच एक सांगणं: शेजाऱ्यांशी मैत्री जरूर करा, पण निळा लिफाफा न उघडता ठेवू नका. आणि पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की परदेशी नागरिकालाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. ते मत द्या.